कानाला सारखंच

काकू फार बोलतात, असं सगळ्या गल्लीचं मत होतं. मत खोटं नव्हतं, अर्धवट होतं. काकू बोलायच्या त्या समोरच्याचं ऐकावं लागू नये म्हणून. त्यांचा डावा कान पार बंद झाला होता आणि उजवा कचेरीच्या खिडकीसारखा होता. खिडकी उघडी, पण आत माणूस असेलच याची खात्री नाही. आणि ही गोष्ट काकूंखेरीज जगात कुणालाही ठाऊक नव्हती.

त्यांचं लाँड्रीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे धुलाईचं यंत्र आणि वाफेच्या इस्त्र्या. काउंटरमागच्या उंच खुर्चीवर काकू. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याने तोंड उघडायच्या आत काकू सुरू: "या, कोट का? कॉलरवर डाग पडलाय, चहाचाच दिसतोय, घासलात ना घरी, घासायचा नसतो, पसरतो. इस्त्री कडकच हवी असेल. परवा संध्याकाळी चालेल ना?" गिऱ्हाइकाला मान हलवण्यापलीकडे काम उरायचं नाही. मान आडवी हलली, तर काकू पुढचा दिवस सांगायच्या. तरीही कुणी बोललंच, तर त्या त्याच्या ओठांकडे बघायच्या, नंतर कपड्याकडे, नंतर परत ओठांकडे. तेवढ्यावर सगळा उलगडा व्हायचा. त्यांना वैर होतं ते फक्त मिशीवाल्यांशी. दाट मिशीतून शब्द बाहेर येतात ते धड येतच नाहीत. पोटच्या पोराने, बाळ्याने, मिशा राखल्या त्या दिवसापासून त्याचं निम्मं बोलणं काकूंना अंदाजाने घ्यावं लागत होतं. "काप ते झुडूप," असं त्या त्याला येताजाता म्हणायच्या. आईला आपला चेहरा आवडतो, मिशा आवडत नाहीत, एवढाच अर्थ बाळ्याने काढला होता.

लपवायचं कारण साधं होतं. काकूंच्या सासऱ्यांचे कान गेले, तेव्हा घरच्यांनी अगदी प्रेमाने त्यांना काउंटरवरून उठवून मागे नेलं आणि टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं. तेव्हापासून जो तो त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, जणू म्हाताऱ्याचे कान नव्हे, डोकंच गेलंय. म्हातारा घड्या घालता घालताच संपला. काकूंनी ते सगळं या काउंटरवरून पाहिलं होतं. मागे जायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि उजवा कानही विझत चालला असताना नेमकं ते हॉटेल आलं.

नव्या हॉटेलच्या चादरी, उशांचे अभ्रे, नोकरांचे गणवेश, सगळं धुवायचं काम बाळ्याला मिळणार होतं. पण हॉटेलातल्या कपडेखात्याच्या बाई इंग्रजीशिवाय बोलत नव्हत्या. बाळ्याने जाहीर केलं, "काउंटरवर इंग्रजी येणारं माणूस पाहिजे." असं म्हणताना त्याने बायकोकडे पाहिलं. काकूंनी त्याला पाहताना पाहिलं.

"मास्तरांचा क्लास आहे ना पलीकडे?" काकू म्हणाल्या. "जाते मी."

"आई, तू? या वयात?"

"वय इंग्रजीत सांगायचं नाहीये मला."

"मीही जाणार आहे," सून वाफेतून बाहेर येत म्हणाली. तिच्या हातात हँगर होते आणि केस कपाळाला चिकटले होते.

बाळ्याने एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं. अशा वेळी शहाणा माणूस स्वतः निवड करत नाही, परीक्षा ठेवतो. "दोघी जा," तो म्हणाला. "मास्तर शेवटी परीक्षा घेतात. जी पहिली येईल ती काउंटरवर बसेल. माझं काही म्हणणं नाही."

आपलं काही म्हणणं नाही असं म्हणणाऱ्या माणसाने केवढं म्हणून ठेवलं होतं, ते त्याचं त्याला कळलं नाही. काकूंना कळलं. हरल्या, तर खुर्ची जाणार. आणि खुर्ची गेली, की उरतं काय? मागचा भाग. टॉवेल.

मास्तरांचा क्लास न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. पूर्वी तिथे नाटकाच्या तालमी व्हायच्या, म्हणून मधली जागा मोकळी ठेवून बाकं दोन भिंतींना समोरासमोर लावलेली होती आणि ती हलवण्याचा उत्साह कुणालाच नव्हता. मास्तरसुद्धा त्या नाटकांतलेच. पण रंगमंचावरचे नव्हेत, विंगेतले. आयुष्यभर त्यांनी पडद्याआड उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली होती. मराठी नाटकं, इंग्रजी नाटकं, जी कंपनी लावील ती. त्या कामाने त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. एक म्हणजे आवाज कुजबुजीच्या वर न्यायचा नाही, कारण पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू गेलं की नोकरी गेली. दुसरी म्हणजे, नटाला नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कळावं म्हणून प्रत्येक शब्द ओठांवर पुरता कोरायचा आणि जोडीला हात चालवायचे. कंपनी बंद पडली, सवयी राहिल्या. मास्तर शिकवायला उभे राहिले की खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी काचेआड भाषण करतंय.

"मास्तर, मोठ्याने बोला हो!" न्हावी दर थोड्या वेळाने ओरडायचा. त्याला खाली दुकानात लोकांच्या कानाशी कात्री वाजवत गप्पा मारायची सवय. कुजबुज त्याला पटत नसे.

"इथे एक अक्षर पोचत नाही," पाववाली बाई म्हणायची. तिची भट्टी दोन घरं सोडून होती, हातांवर कायम पीठ.

काकू मात्र पहिल्या दिवसापासून गप्प बसून भराभर लिहीत होत्या. सगळ्या वर्गात मास्तरांचं म्हणणं जिला नीट पोचत होतं, ती जवळजवळ बहिरी होती. मोठे ओठ, स्वच्छ चेहरा, मिशी नाही, हात बोलके. काकूंना वाटलं, देवाने हा माणूस आपल्यासाठी घडवून विंगेत ठेवून दिला होता.

नंतर मास्तरांनी सारखे ऐकू येणारे शब्द काढले आणि वर्गात दाणादाण उडाली.

"फ्लावर," मास्तर कुजबुजले.

"भाजी!" न्हावी ओरडला.

"भाजीचा नाही. एक फ्लावर म्हणजे फूल आणि दुसरा म्हणजे पीठ. कानाला एकच, लिहायला वेगळे." मास्तरांनी फूल हुंगून दाखवलं, मग हवेत कणीक मळली. पाववालीला एकदम जोर आला. "हां, हे पीठ आमचं!" ती म्हणाली आणि लिहिताना फूल लिहून बसली.

डाय म्हणजे मरणं आणि डाय म्हणजे रंगवणं. वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे मरतुकडा. टेल म्हणजे गोष्ट, टेल म्हणजे शेपूट. न्हाव्याने आपल्या धंद्यावर वाक्य लिहिलं, त्यातल्या केसांच्या जागी नेमका दुसरा हेअर घातला. मास्तरांनी ते वाचून मान डोलावली. "तुमच्याकडे ससे कापतात म्हणायचं. वेगळा धंदा आहे, चालेल."

"आणि मी?" सुनेने विचारलं. तिने लिहिलं होतं की दुकानात रोज कपडे मरतात.

"ते मात्र काही लाँड्र्यांच्या बाबतीत खरं आहे," मास्तर म्हणाले. सगळे हसले, सून हसली नाही.

तिचे कान तल्लख होते. मागे वाफेच्या फुसफुसाटात उभं राहून, दारात कुठलं गिऱ्हाईक आलं ते बुटांच्या आवाजावरून सांगायची. त्या कानांवर तिचा फार भरवसा होता आणि या शब्दांनी तिला तिथेच पकडलं होतं. ऐकू तर लख्ख येतंय, पण दोन्ही सारखंच लख्ख. काकूंचं उलटं होतं. त्यांना जगातले सगळेच शब्द वर्षानुवर्षं एकसारखे ऐकू येत होते. सगळ्यांचा एकच घुंऽऽ. त्यातून समोरच्याला काय म्हणायचंय ते त्याच्या तोंडावरून, हातावरून, हातातल्या कपड्यावरून, मागच्यापुढच्या बोलण्यावरून उचलायचं, हाच त्यांचा रोजचा धंदा. वर्ग आज जे शिकत होता, त्यावर काकूंचं पोट कधीपासून चाललं होतं. फार दिवसांनी त्या अशा खोलीत बसल्या होत्या जिथे ऐकू येणाऱ्याचा काही फायदा नव्हता. त्यांचं वजन वाढलं म्हणा ना, त्या आनंदाने. रोज वहीवर शेरा यायचा, 'उत्तम'. आणि रोज त्या ती वही काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या नजरेत येईल अशी, सहज विसरायच्या.

सून ते बघत होती. एक दिवस वर्ग सुटताना ती मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

"मास्तर, एक विचारू? तुम्ही हवेत पीठ मळून दाखवल्यावर चुकायचं कसं? हे ऐकून लिहिणं नाही, हे बघून लिहिणं झालं. परीक्षा तरी खरी घ्या."

"खरी म्हणजे?"

"तुम्ही दिसायला नको."

मास्तर क्षणभर विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की काकूंनी वही मिटली. "पडदा," मास्तर म्हणाले. "मी विंगेत बसतो! वाक्य सांगतो, तुम्ही लिहा. अर्थ वाक्यातून काढा."

"अहो, समोर असून ऐकू येत नाही तुमचं," पाववाली म्हणाली, "पडद्यामागून काय येणार? वास?"

"पडदा आम्ही आणू," सून म्हणाली. "दुकानातली चादर."

काकूंनी एकेकाचे ओठ वाचले आणि शेवटच्या वाक्याला त्यांना वाटलं, आपल्याच दुकानातली चादर आपल्यावर कुणी ओढतंय.

परीक्षेपर्यंतचे दिवस काकूंनी हिशेबात घालवले. आजारी पडावं? पडलं तर गैरहजर, गैरहजर म्हणजे हरणं. मास्तरांना गुपचूप सांगावं? विंगेतला माणूस, गुपित ठेवेलही. पण सांगायचं म्हणजे ते वाक्य एकदा तोंडाबाहेर काढायचं, आणि बाहेर काढलेलं वाक्य परत आत घेता येत नाही. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. सून मागून हॉटेलकडून आलेल्या पहिल्या चादरी-गणवेशांचा गठ्ठा घेऊन आली, तेव्हा काकूंना वाटलं, हिलाच सांगावं. त्यांनी तोंड उघडलं. पण सुनेचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि मिटलेल्या ओठांशी कसं बोलायचं ते काकूंना कधीच जमलं नव्हतं. "कडक उन्हं आहेत," त्या म्हणाल्या. सून गठ्ठा ठेवून वळली. थोड्या वेळाने मागे इस्त्री अशी आपटली की काउंटरच्या लाकडातून ती काकूंच्या कोपराला कळली. या मुलीला एवढा राग कशाचा येतो, हे त्यांना लग्न झाल्यापासून उलगडलं नव्हतं.

परीक्षेच्या संध्याकाळी खोलीत दोरी बांधून त्यावर पांढरी शुभ्र चादर सोडली होती. तिची इस्त्री एवढी कडक होती की न्हावी म्हणाला, "परीक्षा राहू द्या, सिनेमा दाखवा."

मास्तर चादरीआड गेले. आणि विंग मिळताच त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. होती तेवढी कुजबुजही त्यांनी आणखी खाली नेली.

"मोठ्याने!" न्हावी.

काकू बाकावर ताठ बसल्या. उजवा कान पुढे केला. खिडकी उघडी होती, आत माणूस नव्हता. चादर मात्र हलत होती. हात चालवल्याशिवाय मास्तरांना शब्द येतच नव्हता, आणि आतून त्यांचं कोपर चादरीला लागून फुगवटा येत होता. काकूंनी डोळे बारीक केले. कोपर वर गेलं, खाली आलं, परत वर. हे पीठ मळणं, की केस विंचरणं? काकूंनी पीठ लिहिलं. पुढच्या वाक्याला चादर नुसतीच थरथरली. ते आठवडा असेल, मरतुकडा असेल, किंवा मास्तरांना शिंकही आली असेल. काकूंनी जागा कोरी सोडली.

मग त्यांनी जे करायचं नाही असं ठरवलं होतं ते केलं. समोरच्या बाकाकडे पाहिलं. समोर सून होती. तिला लिहिताना ओठांत पुटपुटायची सवय होती आणि ते ओठ इतके स्वच्छ होते की काय सांगावं. त्या ओठांवरून एक अख्खं वाक्य काकूंच्या वहीत उतरलं. मग सुनेने मान वर केली.

तिने सासूला बघताना पाहिलं. कपाळाला आठी घातली, वही जवळ ओढून हाताचा आडोसा केला. काकूंची नजर हलली नाही. ती वहीवर नव्हतीच. सुनेने वहीकडे पाहिलं, सासूच्या डोळ्यांकडे पाहिलं, त्या नजरेची रेघ आपल्या ओठांशी येते हे मोजलं आणि ओठ मिटून घेतले. काकूंची लेखणी थांबली. चादरीआडून पुढचं वाक्य आलं असावं, कारण सगळ्यांच्या माना खाली गेल्या. काकूंची वरच राहिली.

सून आता लिहीत नव्हती. तिने तोंडापुढे हात धरला. हाताआड काहीतरी बोलली असावी, कारण शेजारी न्हाव्याने दचकून तिच्याकडे आणि मग काकूंकडे पाहिलं. काकूंना काहीच कळलं नाही. मग सुनेने हात काढला, आणि आवाजाचा टिपूसही न काढता नुसते ओठ हलवले: आई, पेनाचं टोपण खाली पडलं.

काकू वाकल्या आणि टोपण शोधायला लागल्या.

टोपण पेनालाच होतं. बाकाखाली डोकं असतानाच काकूंच्या लक्षात आलं की आपण सापडलो. वर येणं भागच होतं, पण त्यांनी जमेल तेवढा वेळ लावला. वर आल्या तेव्हा सुनेचा चेहरा असा झाला होता, जसा तिने कधी सासूला दाखवला नव्हता. रागाचं त्यात काही नव्हतं. एखाद्याने फार दिवस चुकीच्या किल्लीने कुलूप खडखडवावं आणि मग किल्लीकडे बघावं, तसा.

आता ही उठणार आणि सांगणार, काकूंनी ओळखलं. आणि सून उठली.

"मास्तर, बाहेर या," ती म्हणाली. चेहरा तिने काकूंकडे वळवलेला ठेवला होता. "चादर काढावी लागेल."

चादरीवरून मास्तरांचं डोकं उगवलं. "परीक्षा चालू आहे!"

"चादर हॉटेलची आहे. तुमचं कोपर लागून इस्त्री मोडली सगळी. उद्या सकाळी द्यायची आहे. परत धुवावी लागली तर नवरा मला विचारील, तुम्हाला नाही."

"पण परीक्षा खरी घ्या, असं तुम्हीच—"

"म्हणाले होते. मला काय माहीत तुम्ही आत कुस्ती खेळणार ते?" आणि तिने चिमटे काढून चादर उतरवलीसुद्धा. कडेला कडा लावून ती घडी करताना तिने एकदा काकूंकडे पाहून भुवई उडवली, फार नाही, काउंटरवरून पलीकडच्या गिऱ्हाइकाला कळू नये एवढीच.

मास्तर उघड्यावर आले, थोडे हिरमुसले, मग हात चालायला लागल्यावर खुलले. "पहिल्यापासून सांगतो," ते म्हणाले. न्हाव्याने टाळी वाजवली.

मास्तरांनी वह्या तिथेच तपासल्या. काकू पहिल्या. सून दुसरी, बरीच मागे. पाववालीला या वेळी पीठ जमलं, फूल गेलं. न्हाव्याचे ससे अजून दुकानातच होते.

जिना उतरून रस्त्याला लागताच काकूंनी तोंड सोडलं. मास्तर कसे वाळलेत, न्हाव्याने दुकान रंगवायला हवं, त्या पाववालीचा मुलगा आईला मदत करत नाही, तो दिवा बघ कसा लुकलुकतोय. सून बाजूने चालत होती. मग ती झपझप पुढे गेली आणि काकूंच्या समोर उभी राहिली. दिव्याचा उजेड तोंडावर पडेल अशी.

"आई. गप्प."

काकू गप्प झाल्या. याआधी त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. निदान त्यांना तरी तसं दिसलं नव्हतं.

"कधीपासून?"

"जुन्या यंत्राने गेला डावा. खडखडायचं ना ते. उजवा... उजवा त्याच्या सोबतीला निघालाय."

"माझं लग्न व्हायच्या आधी?"

"आधी."

सुनेने चादरीची घडी छातीशी धरली. "मी मागून हाक मारते, तुम्ही वळत नाही. मी विचारते, कोट आधी घेऊ की गणवेश, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत राहता. मी एकदा मागून सांगितलं होतं, माझा वाढदिवस आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, साबण संपलाय." ती थांबली. "माहेरी आईकडे जाऊन रडले होते मी. म्हटलं, सासू माझ्याकडे कानाडोळा करते."

"अगं, कानाडोळा कसला!" काकू म्हणाल्या. "कान कुठे आहे त्यात? नुसता डोळाच आहे माझ्याकडे, आणि तोही तू पुढे असलीस तर."

सून हसली आणि तेवढ्यातच तिने डोळे पुसले. दोन्ही कामं तिने चादर न चुरगळता केली, हे काकूंनी मनात नोंदलं.

"ह्यांना सांगायचं," सून म्हणाली.

"मुळीच नाही. माझ्या सासऱ्यांना बसवलं तसं मला टॉवेलांत बसवाल."

"कोण बसवेल? मागे मी असते. एकाच वाफेत दोघींना जागा नाही."

"तू पुढे येशील. खुर्ची तुला हवीच आहे."

"कुणी सांगितलं मला खुर्ची हवी? बसून बसून तुमचे गुडघे धरलेत ते बघते ना मी. मला हॉटेलात जायचंय. चादरी मोजून घ्यायच्या, त्या बाईशी बोलायचं, रस्त्यावरून चालत जायचं-यायचं. त्या वाफेतून दिवसातून एकदा तरी बाहेर पडायचंय. इंग्रजी त्यासाठी शिकतेय मी."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," सून म्हणाली. "मागून."

काकू त्या दिव्याखाली कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. गल्लीतल्या कुणी ते पाहिलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

"मशीन मिळतं कानाचं," शेवटी सून म्हणाली. "ते लावायचं. नाही म्हणायचं नाही."

"गिऱ्हाइकांना दिसेल."

"केस थोडे पुढे घ्या. न्हावी ओळखीचा आहे."

"तो ससा करील माझा," काकू म्हणाल्या. मग त्यांनी घडी केलेल्या चादरीवर हात ठेवला, तो घासाघीस संपली की गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यावर ठेवायच्या तसा. "सांगते. पण मी सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"तुमच्यामध्ये कोणाला बोलता आलंय कधी?"

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाळ्या आत, मागे, त्यांच्याकडे पाठ करून कोटावर इस्त्री फिरवत होता. सुनेने शटरवर थाप मारली तसा तो न वळता मोठ्याने म्हणाला, "काय झालं? कोण पहिलं?"

सुनेने काकूंकडे पाहून ओठांनी ते पुन्हा सांगितलं.

"मी पहिली," काकू म्हणाल्या. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "आणि दुसरं असं की मला ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेला, उजवा जातोय. बरीच वर्षं झाली. मी सांगितलं नाही. आता सांगितलं."

इस्त्री कोटावर जागच्या जागी थांबली. धूर यायच्या आत बाळ्याने ती उचलली. तो कोटाकडे बघतच राहिला आणि मिशीतल्या मिशीत म्हणाला, "मग आता काउंटरवर कोण बसणार?"

काकूंना फक्त त्याची पाठ दिसली आणि खांदे जरा खाली गेलेले दिसले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

सून त्यांच्या समोर आली, मास्तरांसारखा एकेक शब्द ओठांवर कोरत म्हणाली, "म्हणाले, काउंटरवर आईच बसेल, दुसरं कोण? उद्या कानाच्या डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन जातो. आणि हॉटेलचं सगळं काम हिच्याकडे."

बाळ्या गर्रकन वळला. हातात इस्त्री, तोंडाचा आ झालेला. "मी असं कधी म्हणालो?"

"अजून नाही म्हणालात," सून म्हणाली. "आता म्हणाल. इकडे तोंड करून म्हणा, त्यांना दिसलं पाहिजे."